भवानीअक्काची चार वाक्यं

तंजावूर,
२० नोव्हेंबर २०२४

अखिला कण्णा,

तुझ्या मावशीला वेड लागलं म्हणून कुणी तुला फोनवर कळवलं असेल तर ते खरं आहे. आडी महिन्यात, जुलैअखेर, आपल्या गल्लीत ज्या तमिळ सिरीजचं शूटिंग झालं, ती पोंगलला घरोघरच्या टीव्हीवर येणार म्हणून काल कळलं. आणि तीत आपली भवानीअक्का आहे. माझी थोरली जाऊ, जी माझ्या लग्नाच्या फोटोतसुद्धा मागच्या रांगेत पदरात तोंड घालून उभी, ती सिरीजमध्ये.

कसं झालं ते सांगते. राजवाड्यामागच्या आपल्या गल्लीत लग्नाच्या पंगतीचं शूटिंग होतं, पानात आपल्याकडचा मुगाचा अशोका हलवासुद्धा खराखुरा. लाइटवाल्यानं आपला मोठा दिवा नेमका अक्काच्या तुळशीला चिकटवून ठेवला. अक्का दारच्या ओट्यावरून, तिण्णैवरून, उठली आणि आपल्या घरच्या मराठीत त्याला असं काही बोलली की ज्यांना कळलं तेही हसले आणि ज्यांना अवाक्षर कळलं नाही तेही हसले. डायरेक्टरनं तिथल्या तिथं तिला पंगतीत बसवलं. नवऱ्या मुलीची आजी. तुमच्या भाषेत मनाला येईल ते बोला म्हणून सांगितलं. अक्का चार वाक्यं बोलली. आमचे हे, कार्तिक, सूनबाई वासुकी, सगळे ऐकायला उभे होते. मीही उभी होते. मला काय दिसलं? पदर.

तुला ठाऊक आहे, कार्तिक पाळण्यात असताना तापाच्या औषधानं माझे कान गेले, तेव्हापासून मी ओठ वाचते. ह्यांचे वाचते, कार्तिकचे वाचते, दूधवाल्याचेसुद्धा वाचते. अक्काचे तेवढे वाचता आले नाहीत. पुढचा दात वाकडा, म्हणून नवी नवरी असल्यापासून तोंडावर पदर घेऊनच बोलायची तिची सवय. आणि या घरातला सगळा हशा तिच्याकडचा. ती बोलते, घर हसतं, काय म्हणाली म्हणून मी विचारते, आणि सगळ्यांचं उत्तर एकच, "नंतर सांगते." तो नंतर काही येत नाही. मी रागावून लिहीत नाही हं. हसून झाल्यावर विनोद सांगायला घेतला की तो वरणात बुडालेल्या पापडासारखा होतो, हे मलाही कळतं.

ती चार वाक्यं कुठली म्हणून विचारलं तर यावेळी कुणी नंतर सांगते असंही म्हणत नाही. सगळे एकमेकांकडे बघून हसतात आणि टीव्हीवर बघ म्हणतात. टीव्हीवर काय बघू, तोच पदर?

तू तिकडे पुण्यात, मराठी मुलखात बसून तमिळ सिरीजची खालची अक्षरं लिहितेस ना? एवढंच सांग, या सिरीजला अक्षरं असणार का? मला त्या दिवशी सगळ्यांबरोबर हसायचं आहे. बाकी काही नको.

फोनवर उत्तर नक्को. माझा फोन या घरात सगळे वाचतात. माझ्या आप्पांनी सरस्वती महाल ग्रंथालयातल्या नोकरीवरून घरी येऊन मला ही बालबोध, म्हणजे तुमची देवनागरी, अक्षरं शिकवली, ती या घरात दुसऱ्या कुणाला वाचता येत नाहीत. तेवढा फायदा आपण घ्यावा.

तुझी चंद्रामावशी

*

पुणे,
२८ नोव्हेंबर २०२४

चंद्रामावशी, आधी वाकून नमस्कार, आणि आता खुर्चीला धरून बस.

ती सिरीज आमच्या स्टुडिओत आली आहे. माझ्याच टेबलावर. तमिळ बघणारी इथे मी एकटी, त्यामुळे दुसरीकडे जाणारच कुठे? तुझं पत्र वाचून मी अशी उठले की शेजारच्या मुलाची कॉफी सांडली. गोष्ट सांगणार नाही, गुप्ततेच्या कागदावर सही केली आहे. अक्काचा प्रसंग पाहिलास का म्हणून विचारू नकोस. पाहिला. पुन्हा पाहिला. मग स्वच्छतागृहात जाऊन तोंड धुऊन आले. याहून जास्त बोलत नाही.

अक्षरं असणार, आणि तुझ्या कामाची असणार. काही अक्षरं भाषा न कळणाऱ्यासाठी असतात, त्यांत नुसतं बोलणं. आम्ही करतोय ती ऐकू न येणाऱ्यासाठी. त्यांत कोण बोललं, मागे कुकरची शिट्टी झाली, दार कुणी आपटलं, सगळं लिहायचं. आणि ओळ बोलण्याच्या किंचित आधी पडद्यावर आणायची, कारण डोळ्याला वाचायला वेळ लागतो. हा इथला नियम.

पण मावशी, मला हे सगळं शिकवलं ते ऐकणाऱ्या माणसांनी. तू सांग. टीव्हीसमोर बसलीस की तुला कशाचा वैताग येतो? भीड नको. मी टेबलासमोर चिकटवून ठेवणार आहे.

अखिला

*

तंजावूर,
५ डिसेंबर २०२४

अखिला कण्णा,

कशाचा वैताग येतो म्हणून या जन्मात मला पहिल्यांदा कुणीतरी विचारलं. काफी थंड करून लिहायला बसले आहे.

"दुःखी संगीत" लिहितात. अगं, कसलं दुःखी? मी एकतीस वर्षांची होईपर्यंत सगळं ऐकलं आहे. वीणा म्हण, नादस्वरम् म्हण, मी आठवून घेईन. नुसतं दुःखी म्हटलं की मला बँकेतली रांग आठवते.

मग, अक्षरं नेमकी माणसाच्या हनुवटीवर आणून ठेवतात. मी ओठ बघू की ओळ वाचू? माणूस खाली असेल तर अक्षरं वर न्यावीत, एवढं कुणाला सुचत नाही. आणि कुणी खोलीबाहेरून बोललं तर नाव घालत नाहीत. नवरा बोलला की चोर बोलला, मला शेवटपर्यंत पत्ता नाही. परवा एका सिनेमात मी अख्खा वेळ सासऱ्याला खुनी समजून बसले. बिचारा औषध मागत होता.

सगळ्यात वाईट म्हणजे पडद्यावर चार माणसं एकदम बोलतात आणि खाली लिहिलेलं असतं, "गोंगाट". तो गोंगाट म्हणजेच तर घर. त्यातलं एखादं वाक्य तरी द्यावं.

घरातला हा रिमोट अजून माझ्या ताब्यात आला नाही. अक्षरं लावा म्हटलं की कार्तिक म्हणतो, चित्र झाकतं. वासुकी म्हणते, लक्ष विचलित होतं. पोंगलच्या दिवशी मात्र मी ऐकणार नाही. ऐकू येत नाही याचा तेवढा उपयोग करून घेईन.

अक्का सध्या देवळात जातानासुद्धा ओळखीचे थांबवतात म्हणून दुसऱ्या रस्त्यानं जाते. आणि ती चार वाक्यं? तोंडाला कुलूप. मी दिवस मोजत बसले आहे.

चंद्रामावशी

*

पुणे,
१३ डिसेंबर २०२४

चंद्रामावशी,

हनुवटीवरची अक्षरं वर नेली. वीणेला वीणा लिहिलं. गोंगाटातली वाक्यं सोडवली. तुझं पत्र आमच्या भिंतीवर लागलं आहे, आणि सासऱ्याची गोष्ट सगळ्या मजल्यावर पसरली आहे.

आता वाईट बातमी. अक्काच्या जागी आमच्या हातात आलेल्या संहितेत एवढंच आहे: "आजी स्थानिक भाषेत काहीतरी पुटपुटते." आणि संहितेत नसलेली परकी भाषा असेल तर तेवढंच लिहायचं, असा नियम. म्हणजे पोंगलला तुला दिसणार "स्थानिक भाषेत पुटपुटते". अक्का जन्मात कधी पुटपुटली आहे का?

मी साईप्रियाकडे गेले. ती आमची मुख्य, माणूस वाईट नाही. तिचं म्हणणं, तमिळ ऐकणाऱ्यालाही ती भाषा कळणार नाही, मग न ऐकणाऱ्यावर वेगळा अन्याय कुठे झाला? मी म्हटलं, तंजावुरात ती कळणारी घरं आहेत, आणि त्या घरांत ऐकू न येणारी माणसं आहेत, त्यातली एक माझी मावशी आहे. तिनं भिंतीवरच्या तुझ्या पत्राकडे बोट करून, हीच का, म्हणून विचारलं. मग म्हणाली, चारही वाक्यं खात्रीची आण. अंदाजाचा एक शब्दही चालणार नाही. आपली मराठी तमिळ अक्षरांत, खाली तमिळ अर्थ. फाइल सव्वीस तारखेला जाते.

मावशी, तीन वाक्यं मला कळतात. चौथ्यावर नादस्वरम् वाजतं आणि वरून पदर. माझे कान धडधाकट, तरी ऐकू येत नाही. कार्तिकला फोन केला तर तो एक सांगतो, काका दुसरंच सांगतात. अक्काला केला तर "टीव्हीवर बघ" म्हणून ठेवून दिला. डायरेक्टरनं कुणाला सांगू नका म्हटलं, ते ती व्रतासारखं पाळते आहे.

आता तूच. अक्काला बोलायला लाव, फोनवर आवाज भरून मला पाठव. आणि एक माझ्यासाठी कर. ती वाक्यं तू आधी कुणाकडून लिहून घेऊ नकोस, वाचू नकोस. का ते सांगत नाही.

अखिला

*

तंजावूर,
१९ डिसेंबर २०२४

अखिला कण्णा,

पाठवलं. तुला आज दुपारीच मिळालं असेल. पण कसं जमवलं ते कागदावरच सांगायचं.

अक्का माझ्याशी बोलते ती हातवारे करून, फारच झालं तर तमिळ चिठ्ठीनं. मी तिच्या पुढ्यात तमिळमध्ये लिहून ठेवलं, तुझ्या तोंडची वाक्यं गाळून ते लोक "पुटपुटते" असं लिहिणार आहेत. तिनं चष्मा लावून वाचलं. चष्मा काढला. पुन्हा लावून वाचलं. असा चेहरा मी तिचा लाइटवाल्याच्या वेळीही पाहिला नव्हता. मग माझ्याकडे बोट करून, कानाला हात लावून विचारलं, तुला कळलं तर? मी लिहिलं, आवाज भरायचा आहे, मला काय कळणार? माझ्याइतका भरवशाचा टपालवाला तुला कुठे मिळेल?

ते तिला पटलं. स्वयंपाकघरात उभी राहून बोलली. मी फोन धरून खिडकीबाहेर नारळाकडे बघत होते, पदराचीसुद्धा हालचाल बघितली नाही. वासुकी तिथंच काम करत होती, तिनं हसून डोळे पुसले. झालं काम. आता तुझी साईप्रिया काय म्हणते बघू.

चंद्रामावशी

*

फोनवर, २० डिसेंबर २०२४

मावशी, टपालाला वेळ नाही, म्हणून इथेच बालबोधीत लिहिते. आवाज मिळाला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत मिक्सर आहे. वासुकीवहिनी चटणी वाटत होती. मध्ये अक्काचे दोन शब्द येतात आणि पुन्हा खोबरं. अजून सहा दिवस आहेत. पुन्हा घे. शांत जागी घे.

*

तंजावूर,
२३ डिसेंबर २०२४

अखिला कण्णा,

मिक्सर. मी त्याच्या शेजारी उभी होते, खोबरं फिरताना बघत होते, आणि माझ्या डोक्यात आलं नाही. अक्कालाही नाही, ती बोलायच्या भरात. मी एवढी हसले की ह्यांनी पाणी आणून दिलं.

नंतर मात्र रडू आलं. शांत जागी घे म्हणून तू लिहिलंस. कुठली जागा शांत आहे हे मला कसं कळणार? मला सगळं गाव सारखंच. राजवाड्याच्या चौकात अक्काला घेऊन गेले, वाटलं इथे कोण बोलतं, तर तिनं वर हात केला. पारवे. शिवगंगा बागेत शाळेची सहल. घरी परत येऊन शेवटी देवघरात शिरलो, दोन्ही दारं लावली. ह्यांना बाहेर तिण्णैवर बसवलं. मिक्सर, मोटर, भाजीवाला, कुणीही तोंड उघडलं तर थांबवायचं, एवढं काम. जन्मभर महसूल खात्यात काढलेल्या माणसानं ते फार मनावर घेतलं. भाजीवाल्याला काही न घेता पैसे देऊन पुढे पाठवलं म्हणे.

आत अक्कानं फोनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तोंडावरचा पदर खाली घेतला. आवाज स्वच्छ यावा म्हणून. अखिला, माझे कान गेल्यापासून मी ते ओठ बघायची वाट बघते आहे, आणि ते समोर आले त्या क्षणी मी डोळे मिटले. तुला शब्द दिला होता ना. असे घट्ट मिटले की कपाळ दुखलं.

खांद्यावर हात पडला तेव्हा उघडले. अक्का तशीच उभी होती, पदर खांद्यावर. मी डोळे का मिटले ते तिला कळलं होतं. ती सावकाश, माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "एवढी वर्षं मला कसं सुचलं नाही?"

मी वाचलं. तिच्या तोंडचं मी वाचलेलं पहिलं वाक्य. दात काही एवढा वाकडा नाही गं.

आवाज तुला गेला आहे. त्यात आता देवघरातली घंटा जरी वाजली असली तरी मला सांगू नकोस.

चंद्रामावशी

*

पुणे,
३ जानेवारी २०२५

चंद्रामावशी,

घंटा नाही वाजली. अक्काचा आवाज असा स्वच्छ आला की चौथं वाक्य ऐकून मी एकटीच स्टुडिओत मोठ्यानं हसले. साईप्रियानं काय झालं म्हणून विचारलं. हसण्याच्या भरात तिला तमिळमधून समजावून सांगितलं, तिला तमिळ येत नाही हे विसरून, मग हिंदीतून सांगितलं. तीही हसली. लाव म्हणाली. चारही लाव.

लावली आहेत. आपली मराठी तमिळ अक्षरांत, खाली अर्थ. "पुटपुटते" खोडून तिथे "आजी, तंजावूर मराठीत" एवढं घातलं. आपल्या घरची भाषा मी नोकरीत कधी लिहीन असं वाटलं नव्हतं.

पण एक सांगून ठेवते. फाइल आमच्या हातून गेली. पुढे मुंबईत दुसरी माणसं तपासतात, नियमाबाहेरचं वाटलं तर जुनी ओळ परत घालतात. राहिली की गेली ते मलाही पोंगललाच कळणार. तू फार आशा धरू नकोस असं लिहिणार होते, पण मीच धरून बसले आहे.

कार्तिकला रिमोटमधून अक्षरं कुठून लावायची ते चित्र काढून पाठवलं आहे. भाषा तमिळच निवडायला सांग, ऐकू न येणाऱ्यांसाठीची.

अखिला

*

तंजावूर,
१५ जानेवारी २०२५

अखिला कण्णा,

सकाळी उठल्या उठल्या लिहायला बसले आहे, अक्षर वाकडं येईल.

काल पोंगल उतू घालून, जेवणं आटपून, सगळे संध्याकाळी टीव्हीपुढे. शेजारची दोन घरंसुद्धा आली. अक्काला मधली खुर्ची. माझी जागा नेहमी खांबापाशी असते, काल मी पुढे बसले आणि रिमोट मांडीवर ठेवला. कार्तिकनं तुझ्या चित्रावरून अक्षरं लावली, आधी इंग्रजी आली, मग तमिळ. चित्र झाकतं म्हणून शेजारच्यांनी कुरकुर केली म्हणे, आणि ह्यांनी त्यांना काहीतरी सुनावलं म्हणे. मी वळून पाहिलं नाही.

वीणा, असं आलं. वीणाच होती ना? मला आठवली. दाराबाहेरून कोण हाक मारतो त्याचं नाव आलं. पहिल्यांदा मी कुणाला काही विचारलं नाही.

मग पंगत आली. मुलाचा बाप, भला मोठा मिशीवाला, मुलीकडच्यांना सांगतोय, आज माझा कडक उपास, सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नाही. समोर आमची अक्का, तोंडावर पदर. आता "पुटपुटते" येणार, मी मनाशी म्हटलं, आलं तरी रडायचं नाही.

"आजी, तंजावूर मराठीत", असं आलं. आणि खाली आपली भाषा. तमिळ अक्षरांत, पण आपली. पडद्यावर.

"सकाळपासून काही घेतलं नाही म्हणतो हा."

"आमच्या चंद्रेला बोलवा."

मी पुन्हा वाचायला गेले तर ओळ बदलली होती.

"तिला कान नाही, ती तोंड बघून खरं सांगती."

अखिला, हे तू लपवलंस होय? म्हणून तोंड धुऊन आलीस? हे सगळे त्या दिवसापासून एकमेकांकडे बघून हसत होते ते यासाठी? मला वाटलं होतं, माझ्यावाचून चाललेला आणखी एक विनोद. त्यात मी होते. अक्काला मनाला येईल ते बोला म्हटल्यावर तिच्या मनात मी आले. आणि ते लोक "पुटपुटते" लिहून मोकळे झाले असते, मी माझं नाव समोरून जाताना नुसता पदर बघत बसले असते.

माझे डोळे भरले, पण पुसायला वेळ नव्हता, कारण घरातलं कुणी टीव्हीकडे बघतच नव्हतं. सगळे माझ्याकडे तोंड करून बसलेले. अक्का खुर्चीत वळून, पदर खाली घेऊन, माझ्याकडेच बघत होती. आणि त्यांच्या डोक्यांवरून मला चौथं वाक्य दिसलं. पडद्यावरची अक्का अजून हात उचलत होती, आणि माझ्यापुढे पूर्ण ओळ येऊन उभी.

"मिशीला अशोका हलवा लागलाय, आधी तो पूस म्हणा, मग खोटं बोल."

मी एवढ्या जोरात हसले की रिमोट खाली पडला. डोळ्यांत पाणी आणि हसू आवरेना. त्यांच्या कानांवर ते वाक्य अजून पडलंच नव्हतं, ओळ बोलण्याच्या आधी येते म्हणालीस ना. सगळे गोंधळून माझ्या तोंडाकडे बघत राहिले, आणि सगळ्यांचे ओठ एकदम हलले. ह्यांचे, कार्तिकचे, वासुकीचे, आणि उघड्या तोंडाच्या अक्काचेसुद्धा. मी स्वच्छ वाचले. काय झालं, काय म्हणाली, सांग की.

मी म्हटलं, "नंतर सांगते."

चंद्रामावशी